फ्रेझर नॅश टीटी रेप्लिका: साखळ्यांवर धावणारी गाडी, शर्यतीच्या कसोटीवर

१९३२च्या सुमारास लंडनजवळच्या आयझलवर्थ येथील कारखान्यातून ‘टीटी रेप्लिका’ या नावाची (‘टीटी’ म्हणजे टूरिस्ट ट्रॉफी ही शर्यत) फ्रेझर नॅश विक्रीस आली, तेव्हाच तिची रचना जुनाट ठरलेली होती. मागच्या चाकांना शक्ती पोचवण्यासाठी उघड्या साखळ्या, वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शिअलचा पत्ता नाही आणि गिअरचा दांडा व हातब्रेक दोन्ही गाडीच्या अंगाबाहेर, चालकाच्या उजव्या हाताला. बाकीचे ब्रिटिश कारखाने तोवर बंदिस्त गिअरबॉक्स आणि रीतसर मागचा ॲक्सल यांवर कधीच स्थिरावले होते. तरीही युद्धपूर्व ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या आजही शर्यतीत उतरवणाऱ्या मंडळींत या गाडीला जो मान आहे, तो तिच्याहून महाग आणि देखण्या अनेक गाड्यांना मिळत नाही. विकत घेऊन शर्यतीत पळवण्याची वस्तू म्हणून तिचे परीक्षण येथे केले आहे. दिवाणखान्याशेजारच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवण्यासाठी गाडी हवी असेल, तर याहून सुबक गाड्या पुष्कळ आहेत आणि त्या घेणाऱ्याने हा लेख वाचण्याची तसदी न घेतलेली बरी.

या रचनेचे मूळ १९१० साली आर्चिबाल्ड फ्रेझर-नॅश आणि एच. आर. गॉडफ्रे या दोघा तरुण इंजिनिअरांनी सुरू केलेल्या ‘जीएन’ या सायकलकारमध्ये आहे. हलकी, स्वस्त, साखळ्यांनी चालणारी आणि वजनाच्या मानाने भलतीच चपळ अशी ती गाडी होती. तिच्याच सांगाड्यावर बांधलेल्या ‘स्पायडर’ या गाडीतून बेझिल डेव्हनपोर्ट या चालकाने १९२०च्या दशकात शेल्सली वॉल्श या इंग्लंडमधल्या शर्यतीच्या चढणीचा विक्रम मोडून दाखवला. पुढे दोघे भागीदार वेगळे झाले आणि फ्रेझर-नॅशने स्वतःच्या नावाने गाड्या काढायला सुरुवात केली. त्या दशकाच्या अखेरीस धंदा ऑल्डिंग्टन बंधूंच्या हाती गेला, पण साखळ्या मात्र तशाच राहिल्या. साखळीच्या सगळ्या गाड्या मिळून सुमारे साडेतीनशेच बनल्या. १९३४नंतर ऑल्डिंग्टन मंडळी जर्मनीहून बीएमडब्ल्यू आणून ‘फ्रेझर नॅश-बीएमडब्ल्यू’ म्हणून विकू लागली, आणि साखळीच्या गाड्या जवळजवळ मागणीपुरत्याच बनत राहिल्या. खुद्द फ्रेझर-नॅशने नंतर बॉम्बर विमानांवरचे, तेलाच्या दाबाने फिरणारे मशीनगनचे बुरूज तयार केले आणि दुसऱ्या महायुद्धात ते लँकेस्टर व वेलिंग्टन विमानांवर बसले. ज्या माणसाची साखळीची मोटार त्याच्या हयातीतच मागासलेली म्हणून हिणवली गेली, त्याच्या डोक्याची झेप किती होती हे यावरून समजावे.

गाडीचे खरे वेगळेपण पाहायचे तर बसण्याच्या जागेमागची फळी उचलावी लागते. इंजिनाकडून आलेला दांडा एका लहानशा बेव्हल पेटीत शिरतो आणि तेथून शक्ती एका आडव्या दांड्याकडे वळते. त्या आडव्या दांड्यावर वेगवेगळ्या आकाराची दातेरी चक्रे बसवलेली असतात आणि प्रत्येक पुढच्या गिअरसाठी एक स्वतंत्र साखळी मागच्या अखंड ॲक्सलवरच्या आपापल्या चक्रापर्यंत गेलेली असते. गाडी धावत असताना सगळ्या साखळ्या एकदमच फिरतात. चालक गिअरचा दांडा हलवतो तेव्हा आडव्या दांड्यावरचा दातेरी कडा असलेला डॉग क्लच सरकून हव्या त्या चक्राला जाऊन अडकतो आणि तेवढी एकच साखळी ओढू लागते. भिडवायची जड चाके नाहीत, चाकांचे वेग आधी जुळवून घेत वाट पाहायला लावणारे सिंक्रोमेश नाही आणि तेलाच्या पेटीत घुसळण्यात वाया जाणारी शक्तीही जवळजवळ नाही. एखाद्या चढणीला गिअरचे प्रमाण जुळत नसेल, तर गिअरबॉक्स उघडण्याचा प्रश्नच येत नाही. सायकलचे मागचे चक्र बदलावे तसे एक चक्र काढून दुसरे चढवायचे आणि साखळीत कडी घालायची किंवा काढायची, एवढ्यात काम भागते. एखादी साखळी तुटलीच, तर ती कुठे अडकून बसली नाही एवढी खात्री करून घ्यायची आणि उरलेल्या गिअरांवर घर गाठायचे. बंदिस्त गिअरबॉक्सचा दाता तुटल्यावर ही मुभा मिळत नाही.

डिफरन्शिअल नसल्याने मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात आणि म्हणून वळणावर आतल्या चाकाला घसरण्यावाचून गत्यंतर नसते. हे घसरणे आटोक्यात राहावे यासाठी मागच्या चाकांमधले अंतर पुढच्या चाकांमधल्या अंतरापेक्षा कमी ठेवलेले आहे. गाडी मागून पाहिली की ती पाय आवळून उभी असल्यासारखी दिसते ती यामुळेच. पुढे आणि मागे आखूड, ताठ पाटे आणि त्यांच्या जोडीला घर्षणाचे शॉक ॲब्सॉर्बर असल्यामुळे स्प्रिंगची हालचाल म्हणण्यासारखी नाहीच; रस्त्यावरचा खडा चाकाखाली आला तर तो कोणत्या चाकाखाली आला हे पाठीच्या कण्याला नेमके कळते. स्टेअरिंग इतके थेट आहे की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते फिरवायला फार तर एखादा फेरा लागतो, आणि सरळ रस्त्यावर हात किंचित जरी हलला तरी गाडी लगेच दिशा बदलते.

साध्या रस्त्यावर हे सगळे त्रासाचेच आहे, आणि ते स्पष्ट सांगितले पाहिजे. मी ग्लॉस्टरशरच्या रस्त्यांवर चालवलेली गाडी क्लबमधल्या एका स्नेह्याची होती आणि तिच्यात मेडोजचे १४९६ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन होते. गावातून हळू जाताना साखळ्यांचा कडकडाट, घट्ट वळणावर आतल्या टायरचे किंचाळणे, क्लचची जेमतेम बोटभर हालचाल आणि मधोमध बसवलेला ॲक्सिलरेटर यांच्याशी जमवून घेण्यातच सगळे लक्ष जाते. मधला ॲक्सिलरेटर हा त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत आढळतो, पण इथे एकूण जागाच इतकी अरुंद आहे की रुंद तळव्याचे बूट घालून बसणाऱ्याने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले जाण्याची तयारी ठेवावी. शेजारी बसणाऱ्याची अवस्था त्याहून अवघड, कारण त्याला धरायला स्टेअरिंगही नसते. पाऊस आला तर छताची सोय आहे असे म्हणण्याची पद्धत आहे, प्रत्यक्षात ते छत लावेपर्यंत मनुष्य भिजून चिंब झालेला असतो. ताशी १३० किलोमीटरच्या आसपासचा वेग ही गाडी आजही गाठते, मात्र तो मोटरवेवर गाठण्यात मला तरी काही गंमत वाटली नाही.

प्रेस्कॉटच्या चढणीवर मात्र हिशेब उलटतो. चेल्टनहॅमजवळची ही खासगी चढण बुगाटी ओनर्स क्लबने विकत घेऊन १९३८ साली स्पर्धांसाठी खुली केली. मूळ चढण ८८० यार्डांची; १९६०मध्ये तिला एक जादा वळसा जोडून ती ११२७ यार्डांची करण्यात आली. गाड्या एकामागून एक, एकट्या सोडल्या जातात आणि स्पर्धा घड्याळाशी असते, त्यामुळे नवख्याला शर्यतीची ओळख करून घ्यायला याहून बरी जागा नाही. हिरवा दिवा लागताच क्लच सोडला की अखंड ॲक्सलमुळे दोन्ही चाके सारख्याच जोराने जमीन पकडतात. डिफरन्शिअलवाली गाडी सुटताना एकच चाक गरगर फिरवत जेवढा वेळ धूर काढत राहते, तेवढ्यात फ्रेझर नॅशने पहिले काही यार्ड खिशात घातलेले असतात. मग दुसरा गिअर. हात बाहेरच्या दांड्यावर असतोच. क्लचला जेमतेम स्पर्श, मनगटाचा एक झटका, आणि ‘कट्ट’ असा लहानसा आवाज होऊन गिअर पडलेला असतो. इंजिनाचा आवाज मध्ये खाली येण्याइतकाही वेळ जात नाही. युद्धपूर्व गाड्यांच्या गिअरबॉक्सशी दोनदा क्लच मारत, आवाज ऐकत, दयामाया भाकत वागण्याची ज्याला सवय झालेली आहे, त्याला हा अनुभव अविश्वसनीय वाटतो. माझ्या रायली नाइनचा गिअरबॉक्स त्या काळच्या मानाने चांगला समजला जातो. फ्रेझर नॅशवरून उतरून पुन्हा त्याच्याकडे गेल्यावर तो मला पोस्टातल्या कारकुनासारखा संथ वाटू लागला.

पार्डन हे चढणीवरचे सर्वांत घट्ट वळण, आणि तेथे या गाडीची परीक्षा होते. तेथे सावकाश शिरले तर अखंड ॲक्सल गाडीला सरळ ढकलत नेतो, पुढची चाके वळलेली असूनही नाक बाहेरच्या कडेकडे जाते. म्हणून गाडीचा शेपटाकडचा भाग जाणूनबुजून सुटा करावा लागतो: ब्रेक सोडता सोडता स्टेअरिंगला एक लहान हिसका, लगेच ॲक्सिलरेटर, आणि मागची चाके बाहेर सरकू लागली की तेच थेट स्टेअरिंग उलट दिशेने जेमतेम वीतभर. आतापर्यंत त्रासाचे वाटलेले प्रत्येक वैशिष्ट्य येथे कामाला येते. दोन्ही मागची चाके एकदम सुटत असल्यामुळे घसरण अचानक येत नाही. अरुंद मागच्या चाकांमुळे ती सावकाश वाढते, ताठ पाट्यांमुळे ती बैठकीतून आधीच कळते आणि थेट स्टेअरिंगमुळे सावरायला हात एकमेकांवरून फिरवावे लागत नाहीत. गाडी आडवी होऊनही पुढेच जात राहते. आधुनिक गाडीत एवढे घसरायचे तर वेग जीव धोक्यात घालण्याइतका लागतो; येथे तो मोपेडला लाजवणारा नसतो, आणि तरी चालकाला काम भरपूर असते. युद्धपूर्व गाड्यांच्या शर्यतीचे आकर्षण काय, असे विचारणाऱ्याला मी इंजिनाची अश्वशक्ती सांगत बसत नाही, या वळणाच्या आतल्या कडेला उभे राहून अर्धा तास पाहायला सांगतो. पातळ टायर, उंच बसलेला चालक आणि स्टेअरिंगवर चाललेली त्याची कोपरांची धडपड, सगळेच डोळ्यांसमोर उघडे असते.

चिखलातल्या ट्रायल स्पर्धांतही हीच गाडी वरचढ ठरते आणि कारणही तेच. ओल्या चढावर कोण किती वर जातो एवढ्यावर गुण असतात, व एक चाक फिरत राहिले की बाकीच्यांची धाव संपते. फ्रेझर नॅशच्या ‘एक्सेटर’ आणि ‘कोलमोर’ या प्रकारांना अशाच स्पर्धांची नावे दिलेली होती. चढताना शेजारच्याने बैठकीवर उड्या मारून मागच्या चाकांवर भार टाकायचा असतो, आणि हे काम आनंदाने करणारे प्रौढ, प्रतिष्ठित लोक तेथे नेहमी भेटतात.

पर्यायांचा विचार केल्याशिवाय परीक्षण पुरे होणार नाही. साडेचार लिटरच्या बेंटलीचा दबदबा मोठा, फ्रान्समधल्या ल मॉं शर्यतीतल्या युद्धपूर्व पाच विजयांचे तेज त्या नावाभोवती आहे. परंतु तिचे वजन आणि किंमत दोन्ही अशा पातळीवर आहेत की मालक चढणीवर जपून चालवताना दिसतो. एमजीची के-थ्री ही फारच गुणी गाडी. तिने १९३३ साली इटलीतल्या मिले मिलिया शर्यतीत आपला गट जिंकला आणि त्याच वर्षी नुव्होलारी या इटालियन चालकाने तिच्यावर अल्स्टरची टूरिस्ट ट्रॉफी मिळवली. पण अस्सल नमुने थोडे आहेत आणि सुपरचार्जरवाल्या लहान इंजिनाची निगा राखणे हा स्वतंत्र खर्चाचा विषय आहे. रायली नाइन समंजस, टिकाऊ, सर्वांत कमी डोकेदुखीची. खिसा बेताचा असेल तर मात्र निःसंशय ७४७ सीसीची ऑस्टिन सेव्हन घ्यावी. तिच्या सुमारे २ लाख ९० हजार गाड्या बनल्या, सुटे भाग सहज मिळतात, आणि ज्या जातीच्या गाडीने १९३० साली ब्रुकलँड्स या इंग्लिश ट्रॅकवरची पाचशे मैलांची शर्यत भल्याभल्यांच्या पुढे जाऊन जिंकली, तिला खेळणे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. फ्रेझर नॅशची चव हवी पण साखळ्या नकोत, अशांसाठी एचआरजी आहे. ती काढणाऱ्यांत तोच गॉडफ्रे होता, सुरुवातीच्या गाड्यांत तेच मेडोजचे इंजिन होते, आणि गिअरबॉक्स मात्र चारचौघांसारखा. गाडी उत्तम आहे, पण पार्डनवर ती कधी इतकी हसवत नाही.

या गाड्या पळवण्याची सोय मुख्यतः व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबमुळे टिकून आहे. १९३४ साली, फारसे श्रीमंत नसलेल्या हौशी लोकांसाठी म्हणून तो सुरू झाला. १९३०च्या अखेरपर्यंत बनलेल्या गाड्या त्याच्या व्याख्येत ‘व्हिंटेज’, आणि त्यानंतरच्या दशकातल्या निवडक गाड्या ‘पोस्ट-व्हिंटेज थरोब्रेड’ म्हणून मान्य होतात. आपली टीटी रेप्लिका या दुसऱ्या वर्गात येते. गाडीचा सांगाडा, इंजिन, ॲक्सल, ब्रेक काय व कुठून आले याची नोंद करून क्लब पात्रतेचे कागद देतो आणि ते मिळाल्याशिवाय शर्यतीत प्रवेश नाही. ही तपासणी काहींना जाचक वाटते. मला ती या छंदाचा कणा वाटते, कारण तिच्यामुळेच नव्या भागांनी फुगवलेली गाडी जुन्याच्या नावाने सर्वांना मागे टाकत नाही. सिल्व्हरस्टोन, कॅडवेल पार्क, मॅलरी पार्क येथे ट्रॅकवरच्या शर्यती होतात, आणि त्यांतल्या हँडिकॅप शर्यतीत सर्वांत मंद गाडी आधी व वेगवान सर्वांत शेवटी सोडतात, त्यामुळे ऑस्टिनवाल्यालाही शेवटच्या फेरीपर्यंत आशा राहते. शर्यतीचा परवाना, हेल्मेट आणि आगीपासून बचाव करणारे कपडे सक्तीचे आहेत. पण बहुतेक गाड्यांना सीटबेल्ट किंवा डोक्यावर संरक्षक कमान नसते आणि गाडी उलटली तर काय, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही. ज्याच्या घरच्यांना हे मान्य नाही, त्याने चढणीच्या स्पर्धांपुरतेच थांबावे.

पॅडॉकबद्दल, म्हणजे शर्यतीआधी गाड्या उभ्या करून तयार करतात त्या जागेबद्दल, दोन वाक्ये लिहायलाच हवीत. तेथे दोरीपलीकडून पाहण्याची पद्धत नाही. बॉनेट उघडी असतात, मालक गुडघ्यांवर बसून साखळ्यांना तेल देत असतात आणि कोणीही जाऊन विचारले तर हातातले काम न थांबवता उत्तर मिळते. शर्यतीच्या इंजिनांत अजूनही एरंडेलापासून बनवलेले तेल वापरणारे लोक आहेत, आणि त्या जळक्या, गोडसर वासाचे ज्यांना वेड लागले त्यांच्याशी पुढे वाद घालण्यात अर्थ नसतो.

देखभालीचा भाग कोरडा आहे, पण घेणाऱ्याने तो नीट वाचावा. साखळ्या उघड्या असल्याने धूळ आणि चिखल थेट त्यांवर येतो, म्हणून लांबच्या प्रवासात वाटेत थांबून तेल द्यावे लागते, आणि ते तेल नंतर गाडीखालच्या जमिनीवर, मालकाच्या बाहीवर व पाहुण्यांच्या अंगणात उतरते. साखळ्यांचा ताण सारखा आहे ना, चक्रांचे दाते आकड्यासारखे वाकले नाहीत ना, हे प्रत्येक स्पर्धेआधी पाहावे. अखंड ॲक्सल मागचे टायर वेगाने खातो. इंजिनाच्या ठिणगीसाठी वीज निर्माण करणारा मॅग्नेटो गरम झाल्यावर दगा देत असेल तर त्याची वेटाळणी नवी करून घेण्यावाचून उपाय नाही. ब्रिटनमध्ये २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या नळ्या व जोड खराब करते, म्हणून ५ टक्क्यांपर्यंतचे महाग पेट्रोल भरावे. दिलासा एवढाच की चाळीस वर्षांवरील गाडीला तेथे वाहनकर माफ आहे, आणि तिच्यात मोठे फेरफार केलेले नसतील तर वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. ही सवलत आहे म्हणून तपासणी करूच नये, असे मात्र शर्यतीत उतरणाऱ्याने स्वप्नातही आणू नये. सुटे भाग हे या गाडीचे अनपेक्षित बलस्थान आहे. फ्रेझर नॅशच्या मालकांचा स्वतःचा क्लब आहे, ही मंडळी स्वतःला ‘चेन गँग’ म्हणवतात, आणि हवा तो भाग सभासदांपैकी कोणाकडे तरी असतो किंवा कोणीतरी तो करून देतो.

आता खरेदी. चांगल्या टीटी रेप्लिकाला लाख पौंडांच्या पुढे मोजावे लागतात, आणि हौसेला मोल नाही हे कबूल केले तरी एवढ्या पैशांत नेमके काय हाती येते हे पाहिलेच पाहिजे. कारखाना ग्राहकाच्या मागणीनुसार इंजिने व बॉडी बदलून देत असे. शिवाय या गाड्या पहिल्या दिवसापासून पळवल्या, ठोकल्या, पुन्हा बांधल्या गेल्या. त्यामुळे ‘सर्व मूळ भागांसह’ असे जाहिरातीत लिहिलेले दिसले की अधिक कसून चौकशी करावी. सांगाड्याचा क्रमांक, जुनी नोंदणी पुस्तके आणि जुन्या स्पर्धांची छायाचित्रे यांचा मेळ बसतो का ते क्लबच्या जाणकाराला दाखवून घ्यावे. इंजिनांत मी मेडोजच निवडेन. ब्लॅकबर्नचे सहा सिलिंडरांचे इंजिन कानाला अधिक गोड आहे, परंतु साधे, पुशरॉडचे मेडोज त्या काळी इतर कारखान्यांनीही वापरले. १९२८ची अल्स्टरची टूरिस्ट ट्रॉफी जिंकणाऱ्या ली-फ्रान्सिसमध्ये ते होतेच, आणि म्हणून त्याची नस ओळखणारे कारागीर आजही सापडतात. पाहायला जाताना बंद इंजिनानिशी गाडी पुढेमागे ढकलून बेव्हल पेटीतली ढिलाई हाताने तपासावी, मागचा ॲक्सल कडांना वळला आहे का ते चाक उचलून फिरवून पाहावे, आणि मालक गाडी चढणीवर नेऊन दाखवायला तयार नसेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.